कोंगावहिनीची निळी बोटं

आमच्या रेतांगदादाला घोड्याच्या पायातलं कळतं, हे खाली समुद्राकाठापासून वरच्या माळापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. ते खरं नव्हतं, हे फक्त एका माणसाला ठाऊक होतं. ते माणूस सव्वीस वर्षं मागावर बसून राहिलं आणि तोंडातून अक्षर काढलं नाही. ती माझी वहिनी, कोंगा.

वहिनी किनाऱ्यावरच्या गावची. लग्न होऊन आली त्या दिवशी आमच्या आईनं तिला विचारलं, "पोरी, भात रांधाया येतो का?"

"येतो की. तांदूळ हाय का घरात, ते आदी दावा."

आम्ही मक्यावर जगणारी माणसं. भात पाहुण्यांना, नाहीतर मेलेल्याला. आई इतकी हसली, की तोंडातला विडा अंगावर सांडला. तेव्हापासून वहिनीच्या तोंडाला घरात कुणी लागलं नाही. मी एकटा लागायचो. दीर पडलो, मला हक्कच होता.

तिचं काम विणायचं. नीळ भिजवायची, सूत बांधायचं, रंगवायचं आणि मागावर बसायचं. मनगटापर्यंत हात बारा महिने निळे. मी म्हणायचो, "वयनी, आज कुणाचा गळा दाबून आलीस?"

"अजून कुणाचा न्हाई. तू जरा जवळ ये."

दादाचं जग म्हणजे घोडी. अकरा जनावरं होती त्याच्याकडं. अर्धं आयुष्य जंगली शिंगरांना दोर टाकून ओढण्यात गेलेलं, त्यामुळं हाताचं कातडं खुरासारखं जाड झालेलं. विस्तवातला निखारा उचलून विडी पेटवायचा आणि वर गप्पा मारत राहायचा.

आमच्या सुंबा बेटावर घोडा पोटानं मरतो त्यापेक्षा खुरानं जास्त मरतो. पहिल्या पावसानंतर कोवळ्या गवतावर तुटून पडला, नाहीतर मक्याच्या कणगीत तोंड घातलं, की आठवडाभरात त्याचा खूर पेटतो. म्हणजे वरनं काही दिसत नाही. आतलं मांस सुजतं, आणि बाहेरचं नख तर दगडासारखं. सुजेला जायला जागा नाही. मग आतलं हाड नखापासून सुटतं आणि खाली बसायला लागतं. घोडा लंगडायला लागला की समजायचं, उशीर झाला. पण लंगडायच्या आधी दिवस-दीड दिवस त्याचा पाय सांगत असतो. घोट्याच्या मागं, दोन्ही अंगाला, दोरीसारख्या शिरेला लागून एक बारीक नाडी असते. धडधाकट घोड्याची ती शोधून सापडत नाही. खूर आत तापला की ती बोटाखाली उड्या मारते. तेव्हाच दाणा बंद केला आणि घोडा नदीच्या गार चिखलात उभा केला, तर वाचतो.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी दादाचा एक देखणा घोडा असा गेला. तेव्हा माळावरच्या एका म्हाताऱ्यानं दादाला ती जागा दाखवली. दादा गवतावर तुटून पडलेल्या दुसऱ्या एका घोड्याच्या घोट्याला बोटं लावून बसला. सकाळ गेली, त्याला काही लागेना. वहिनी झऱ्यावरनं पाणी घेऊन येत होती. म्हणाली, "काय हरवलंय?"

"नाडी."

तिनं घागर उतरवली आणि दोन बोटं लावली. अंधारात सुताला हात लावून कुठला धागा गाठीत चुकलाय ते सांगणारी बाई ती. म्हणाली, "ही काय. बोलतीया की."

हे सगळं मला फार पुढं कळलं. आमच्यात बाईनं घोड्याच्या पायाला हात लावायचा नसतो. लावला तर घोडा वाट विसरतो म्हणतात. म्हणून उजाडायच्या सुमाराला, गाव उठायच्या आत, वहिनी घराखाली उतरायची. आमची घरं खांबांवर, वर माणसं आणि खाली जनावरं. एकेका घोड्याचे चारी पाय ती चाचपायची आणि वर जाऊन चूल पेटवायची. ऊन आलं की दादा उतरायचा. सगळ्यांसमोर घोड्यापाशी उकिडवा बसायचा, घोटा धरायचा आणि डोळे मिटायचा. मग सांगायचा, "ह्येला चिखलात न्या. ह्यो बरा हाय. ह्येचा दाणा तोडा." परगावचं कुणी घोडा घेऊन आलं तर म्हणायचा, "आजची रात ऱ्हाऊ दे माझ्याकडं. सकाळी सांगतो."

एकदाही चुकला नाही. लोक त्याचे हात बघायचे आणि माना डोलवायचे.

कधीकधी त्याच्या घोड्यांच्या घोट्यावर निळे डाग दिसायचे. लोकांना वाटायचं, रेतांग पायाला नीळ चोळतो, त्यातच सगळं औषध आहे. मग झाली गंमत. अर्ध्या गावानं बायकांच्या रांजणातली नीळ चोरून घोड्यांच्या पायांना फासली. बायका शिव्या घालत फिरताहेत आणि गावात निळ्या पायांची घोडी हिंडताहेत. मीही फासली होती. वहिनीनं माझा घोडा बघितला आणि पदर तोंडात कोंबून घरात पळाली. मला वाटलं, रंग वाया गेला म्हणून रडतीय.

त्यांना मूल नव्हतं. एक वुलांग होती. फिकट पिवळ्या रंगाची घोडी, कपाळावर पांढरा ठिपका. आमच्यात वुलांग म्हणजे चांद. तिची आई विताना मेली तेव्हा वहिनीनं बांबूच्या नळीनं म्हशीचं दूध पाजून ती जगवली. दादा तिच्यावर बसायचा म्हणून घोडी दादाची. पण वहिनी शिडी उतरायला लागली की ती आधी कान उभे करायची.

मका काढणीला आला होता तेव्हा दादाला ताप भरला, आणि चौथ्या दिवशी तो गेला. जायच्या आधी आमच्या कुळातले मोठे, उंबू मेहा, उशाशी बसले होते. दादा म्हणाला, "माझ्या थडग्यापाशी वुलांगला कापायचं न्हाई. ती कोंगाला ऱ्हाऊ दे."

म्हाताऱ्याला ते जड गेलं. घोडा बरोबर गेला नाही तर मेलेला माणूस पलीकडं पायी जातो. उंबू मेहा म्हणाले, "तुझा शब्द मोडत न्हाई. पर घोडीनं तुला थडग्यापतुर वाट दावली पायजे. आपल्या पायानं तुझ्याम्होरं चालत जाईल, आपल्या पायानं माघारी यील. आली की कोंगाची. न्हाई चालली, तर तुझ्याबरूबर."

"चालंल," दादा म्हणाला. "साठ पावलं तर हायती."

थडगी आमच्या घरासमोरच्या अंगणातच असतात. साठ पावलं, खरंच.

पण पुरायला वेळ होता. वहिनीचे भाऊ कापड घेऊन आल्याशिवाय दादाला उचलता येत नव्हतं, आणि त्यांच्या गावातही एक माणूस मरून घरात बसलेला. तो पुरला गेल्याशिवाय ते गाव सोडू शकत नव्हते. म्हणून दादा घरातच राहिला. कापडांत गुंडाळून, उजव्या खांबाशी बसवलेला. पुरत नाही तोवर तो घरातलाच. त्याला दोन वेळचं ताट, विडा, आल्यागेल्यानं सांगितलेली खबरबात. त्याच्यासमोर कुणी भांडत नाही आणि खोटं बोलत नाही, कारण तो ऐकत असतो. त्याची घोडीही त्याचीच. तिचा लगाम त्याच्या हातात, म्हणून पुरेपर्यंत तिला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. पाजायचं, चारायचं, एवढंच.

मेलेल्याचं ताट घरातलं माणूस खात नाही. ते त्याच्या जनावराला घालतात. दादा घोडेवाला, तेव्हा भात वुलांगला. एका ताटाचं काही नव्हतं. पण दादाचं नाव मोठं. रोज कुठनं ना कुठनं माणसं यायची, कुणी भात आणायचं, कुणी गूळ घालून शिजवलेला मका. सगळं आधी दादासमोर, मग घोडीसमोर. आणि घोडी दावणीला. ना रपेट, ना माळ.

एके दिवशी दुपारी मी बघितलं, वहिनी घराच्या मागल्या अंगाला डुकरांपुढं भात ओततीय.

"वयनी, दादाचा भात डुकरांस्नी?"

ती दचकली. मग म्हणाली, "घोडीला एवढा सोसत न्हाई, तामू."

"दादाची घोडी, दादाचा भात. तुझं काय जातंय?"

"माझंच जातंय."

मला राग आला. भाऊ घरात बसलाय, आणि त्याची बायको त्याचा घास डुकरांना घालतीय. मी तडक जाऊन उंबू मेहांना सांगितलं. म्हातारा वहिनीला काही बोलला नाही, मला म्हणाला, "बाई दुःखानं येडी झालीया. हितनं म्होरं भात तू वत."

मग मी ओतायला लागलो. पाटी भरून, काठोकाठ. वहिनी वरून, बांबूच्या जमिनीच्या फटीतून बघायची. मी आणखी घालायचो.

दहा-बारा दिवसांनी घोडीचं उभं राहणं बदललं. पुढचे पाय लांब पुढं टाकलेले, सगळं अंग मागं कललेलं, आणि पाठ वाकलेली. मधनंच एक पाय उचलायची, टेकवायची, मग दुसरा. डोळे अर्धे मिटलेले.

आम्ही म्हणालो, घोडी दुःख करतीय.

हे इतकं पटकन पटलं सगळ्यांना! धनी वर बसलाय आणि घोडी खाली मागं रेलून त्याची वाट बघतीय. गावोगाव बातमी गेली. बायका खास तिला बघायला आल्या आणि तिच्यासमोर बसून रडल्या. एका म्हातारीनं तिच्यावर गाणं रचलं. "आगं, माणूस एवढं करत न्हाई," असं म्हणायची आणि पदरातला मक्याचा लाडू घोडीपुढं धरायची. घोडी दुःखात आहे म्हटल्यावर धन्याच्या ताटातले तिला दोन घास जास्तच.

वहिनी शिडीवर बसून हे बघायची. एकदा मला म्हणाली, "तामू, एकदा हात लावू दे मला तिच्या पायाला. एकदाच."

"काय करणार हायस हात लावून?"

तिची नजर घोडीच्या पायावरच.

"दादा असता तर त्येनं बघितलं असतं," मी म्हणालो. "आता ती इद्या गेली त्येच्याबरूबर. तू हात लावशील आन् तिकडं दादाचा लगाम सुटंल. मग?"

ती माझ्याकडं बघत राहिली. मी तिला इतक्या वर्षांत तोंड मिटून बसलेली कधी बघितली नव्हती. तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण मला वाटलं, जिरली.

आता कळतं, तिच्या गळ्याशी काय आलं होतं. हात का लावू द्यायचा, हे सांगायचं म्हणजे नाडी कोण बघत होतं ते सांगायचं. आणि ज्याच्या नावावर ते चाललं तो वर उजव्या खांबाशी बसून ऐकतोय. गावोगावची माणसं त्याच्यासमोर येऊन म्हणताहेत, रेतांग, तुझ्या बोटांसारखी बोटं पुन्हा व्हायची नाहीत. त्याच्या तोंडावर त्याला उघडा पाडायचा, तोही मेल्यावर, जेव्हा तो उलट बोलू शकत नाही. की घोडी घालवायची. ती दिवसभर भात रांधायची आणि हाच हिशेब करायची.

एका दुपारी पाहुणे नदीवर गेले होते. मी घराखाली वैरण टाकत होतो. वरून वहिनीचा आवाज आला. दादाशी बोलत होती, भांडल्यासारखी, पण हळू.

"आवं, ऐकताय न्हवं? आजपतुर काय मागितलं तुमच्याकडं? कुणाला बोलले? तुमी डोळं मिटून बसायचा तवा मला हसू फुटायचं, त्ये गिळलं. आता माझी बोटं मला परत द्या. चार दिसापुरती. घोडी तुमीच ठिवली न्हवं माझ्यासाठी? मग मला बघू तरी द्या तिच्याकडं."

मी खाली, हातात वैरण. माझ्या डोक्यात ते निळे डाग आले. मला सगळं कळलं, आणि मी ते कळू दिलं नाही. मनाला सांगितलं, दुःखानं बडबडतीय. वैरण टाकली आणि नदीवर गेलो. संध्याकाळी भात ओतला.

त्यानंतर चार दिवस गेले.

पाचव्या दिवशी सकाळी घोडी आडवी पडली आणि उठेना. अंगणात वीसेक माणसं बसलेली, उंबू मेहा मध्ये. कुणीतरी म्हणालं, "धन्याकडं चालली वाटतं ही आपणहून." तेवढ्यात वहिनी शिडी उतरून आली. विधवेनं सुतकात असं माणसांत यायचं नसतं. ती येऊन सरळ मधे उभी राहिली.

"नाडी मी बघत हुते," ती म्हणाली.

कुणाला काही समजलं नाही.

"घोड्यांची नाडी मी बघत हुते. त्येंच्या बोटांस्नी काय बी लागत नव्हतं, घट्टं पडल्यालं. मी पहाटं बघायची, त्ये सकाळी सांगायचं. सव्वीस वरसं."

उंबू मेहांच्या हातातला विडा तसाच राहिला. ते वर घराकडं बघून म्हणाले, "कोंगा, रेतांग ऐकतुया."

"ऐकू द्या. त्येंनाच सांगून आले."

"भावाला मेल्यावर खोटं पाडतीस?" हे ओरडलो ते मीच. ज्याला चार दिवसांपूर्वी कळलं होतं तो मी.

तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. घराखाली वाकून गेली आणि घोडीच्या पुढच्या पायाशी मातीत बसली. कुणी तिला अडवलं नाही. सुतकात नीळ भिजवायची नसते, त्यामुळं तिची बोटं किती तरी वर्षांत पहिल्यांदा माणसाच्या बोटांच्या रंगाची होती. दोन बोटं घोट्याच्या मागं ठेवली. मग दुसऱ्या अंगाला. मग दुसरा पाय. तिला डोळे मिटावे लागले नाहीत.

"हिकडं ये," ती मला म्हणाली. माझा हात धरून तिनं त्या जागेवर दाबला. माझी बोटंही दादासारखीच, दोरानं मेलेली. तरी मला लागलं. कातड्याखाली नुसती धडधड चाललेली, आणि खूर तापलेल्या तव्यासारखा.

"ह्ये कधीपासनं आसंल, वयनी?"

"तू भात वताया लागलास, त्येच्या आठव्या-नवव्या दिसापासनं."

टोचून नाही म्हणाली. विचारलं ते सांगितलं.

मग सगळे उठले. माणसं आमची वाईट नाहीत. नदीपर्यंत घोडी चालणं शक्य नव्हतं, म्हणून नदी घराखाली आणली. बायकांनी घागरी भरल्या, पाहुण्यांनी माती खणली, आणि उंबू मेहांनी या वयात खांद्यावर कावड घेतली. दावणीखाली गुडघाभर गार चिखल केला, आणि दिवसातनं चार वेळा नवं पाणी ओतलं. भात बंद. दादाचं ताट वहिनी स्वतः नेऊन नदीत सोडायची. म्हणायची, "मी सांगते त्येंना काय सांगायचं त्ये." चौथ्या दिवशी घोडी उभी राहिली. चिखलात तिला जरा बरं वाटायचं. वहिनीच्या खांद्यावर हनुवटी टेकून झोप काढायची. वहिनी रोज सकाळी नाडी बघायची, आता उजेडात, सगळ्यांसमोर. आम्ही विचारायचो, "कमी हाय का?"

"हाय तेवढीच."

वहिनीच्या भावांचा निरोप आला, आठ दिवसांनी येतो. दिवस ठरला. त्याच्या आदल्या सकाळी वहिनीनं घोडीचा पाय उचलून तळवा धुतला. नखाच्या पुढच्या अंगाला तळव्यातून एक फुगवटा आलेला, कोयतीच्या पात्यासारखा वाकडा. आतलं हाड खाली उतरून बाहेर यायला बघत होतं. तिनं अंगठ्यानं हलकं दाबलं. घोडी अंगभर थरथरली, पण पाय ओढून घेतला नाही. वहिनीनं पाय परत चिखलात ठेवला आणि वर जाऊन पाहुण्यांचा भात टाकला.

दुसऱ्या दिवशी ढोल वाजले. दादाला खाली आणला. थडग्यात ठेवायच्या आधी आमच्याकडं एक जाणता उभा राहतो आणि मेलेल्याचं सगळं मोठेपण ओळीनं म्हणतो, म्हणजे पलीकडच्यांना कळतं कोण आलाय. त्यानं दादाचे पूर्वज म्हटले, त्याचे दोर म्हटले, त्यानं माळावरनं आणलेली घोडी म्हटली. मग जिथं सगळे वाट बघत होते तिथं तो थांबला. त्यानं वहिनीकडं बघितलं, उंबू मेहांकडं बघितलं. मेलेल्यासमोर खोटं म्हणता येत नाही, आणि बाईचं नाव तिथं घेता येत नाही. त्यानं ती ओळ सोडली आणि पुढं गेला. पुढं म्हणण्यासारखं फार नव्हतंच. दादाचं मोठेपण ते एवढंच होतं.

वहिनी कापडाच्या कडेला हात लावून उभी होती. कापड सारखं केलं. ते आधीच सारखं होतं.

मग घोडीची पाळी.

उंबू मेहा वहिनीपाशी आले. म्हातारा खालच्या आवाजात बोलत होता, जसं काही आपणच चोरी करतोय. "कोंगा, ओढू आपण तिला. चौघं मागनं ढकलतील, दोघं म्होरनं धरतील. साठ पावलं जायाची, साठ यायची. पडली तर उचलू. पायानं चालली म्हणून मी सांगीन, बाकीचं मी बघतो. मग ती तुझी."

मी म्हणालो, "व्हय वयनी. मी खांदा देतो."

"कशावर चालवणार हाय तिला तुमी?" वहिनी म्हणाली.

"आता, साठच पावलं..."

"खाली हाड आलंय. मी बघितलंय." तिचा आवाज एकसारखा होता. "आन् ओढून नेली, माघारी आणली, मग म्होरं? माझ्या दाराशी ती रोज त्याच पायांवर उभी ऱ्हाणार. मी रोज बोट लावून बघणार. कशाला?"

"रेतांगनं तुला दिलीया ती."

"म्हणून तर मी सांगती तुमाला. तिला जाऊ द्या त्येंच्यासंगं. पर हितंच. एक पाऊल चालवू नका."

म्हाताऱ्यानं चिखलातल्या घोडीकडं बघितलं. ज्यानं दादाच्या उशाशी बसून घोडी मागितली होती, त्यालाच आता ती द्यावीशी वाटत होती, आणि घेणारं माणूस नको म्हणत होतं. मग त्यानं माझ्याकडं मान केली.

मी कोयता आणला. वहिनी घोडीच्या डोक्याशी चिखलात गेली. तिनं एका हातानं डोळा झाकला आणि दुसरा हात मानेवर ठेवला. काय बोलली ते ढोलात ऐकू आलं नाही. मी एकाच घावात केलं. तेवढं मला येतं.

घोडी चिखलात बसली तशी वहिनीही बसली. वहिनीला उठवायला दोन माणसं लागली.

चार पावसाळे झाले त्याला. वहिनी परत विणायला लागली आहे. हात पुन्हा मनगटापर्यंत निळे. आता सगळ्यांना ठाऊक आहे ती बोटं कुणाची होती. पहिल्याच पावसानंतर लोक घोडे घेऊन यायला लागले, उघडपणे, भर उन्हात. बाईनं हात लावला तर घोडा वाट विसरतो, हे एकदम कुणालाच आठवेना. वहिनी माग थांबवत नाही. म्हणते, "नाडी माझं धनी बघायचं. त्ये गेलं."

"आगं पर तूच त्या दिशी म्हणालीस..."

"दुःखात हुते. काय बी बोलले."

लोक परत जातात. त्यातले काही घोडे गेले. दोन-तीन तर चांगले होते. ती बघते, आणि धागा ओढते. मागच्या वर्षी त्याच जाणत्याला तिनं घरी बोलावलं, भात रांधून जेवू घातलं, आणि त्याच्यासमोर उंबू मेहांना सांगितलं की मी खोटं बोलले होते, ती सुटलेली ओळ आता म्हणा. म्हाताऱ्यानं ऐकून घेतलं. पुरलेल्या माणसाचं मोठेपण परत म्हणायची रीत आमच्यात नाही.

यंदा माझा तांबडा घोडा मक्यात शिरला. मी तिच्या शिडीशी जाऊन बसलो. तिनं विडा दिला, घरचं विचारलं. मी म्हणालो, "वयनी, मला सगळं ठावं हाय. त्या दुपारी मी घराखाली हुतो. मी ऐकलंय तुला दादाशी बोलताना."

तिचा हात थांबला. तेवढाच.

"म्हंजे चार दिस आदी," ती म्हणाली.

"व्हय."

ती पुन्हा विणायला लागली. मी बसून राहिलो. ऊन शिडीवरनं खाली उतरलं तरी ती बोलली नाही, आणि मला ऊठ असंही म्हणाली नाही. शेवटी मीच उठलो. घरी येऊन घोड्यापाशी उकिडवा बसलो आणि घोट्याच्या मागं बोटं लावली. काही लागत नव्हतं. आत नाडी शांत आहे, की माझी बोटंच बहिरी आहेत, ते सांगणारं कुणी नव्हतं. मी घोडा सोडला आणि त्याला नदीकडं घेऊन निघालो.